बोडक्या मांगराचा उजेड

कावेरी तांडेल शाळेत गेली नाही. पाटीवर तिने कधी रेघ ओढली नाही. जन्म तोंडवलीचा, सासर आडबंदरचं. याच्या पलीकडे ती एकदाच गेली, सावंतवाडीला, नणंदेच्या रुखवतासाठी लाकडी फळं आणायला. बाकी सगळं आयुष्य खाडीच्या तोंडाशी. आणि या बाईने जे काढलं ते पाहून माणसं बोलायची थांबत.

आडबंदर आचऱ्याच्या खालच्या अंगाला. तेव्हा मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही. उतारूंची ने-आण पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून चाले. कावेरीचा घोव भिकाजी अशाच एका पडावाचा तांडेल. समुद्रावर मोठ्याने बोलणारा, घरात कमी.

चोपन्न साली सरकारने बंदरावर उतारूंसाठी इमारत बांधायला घेतली. आराखडा मुंबईच्या एका तरुण माणसाचा, विलायतेत शिकून आलेला. गावचे मानकरी भाई गावकर त्याला विचारायला गेले.

"साहेब, कौलं कुठून आणणार?"

"कौलं लागणार नाहीत."

"मग पाऊस?"

"पाऊस वाहून जाईल," तो म्हणाला आणि पुन्हा कागदात शिरला.

इमारत उभी राहिली. गाव बघायला गेलं आणि हसत परत आलं. वर छप्पर सपाट. एक भिंत पडावाच्या पोटासारखी वाकलेली. पश्चिमेला गोल खिडक्या. खांब सरळ नाहीत, एका खांद्यावर टोपली घेतलेल्या माणसासारखे कललेले. आणि पायऱ्याच नाहीत. धक्क्यापासून आतपर्यंत एक लांब उतार.

"गे बाय माझे! ह्येच्या डोक्यार कायच नाय!" शेजारची राधाबाई म्हणाली. "बोडको मांगर!"

मांगर म्हणजे शेतातली सामानाची खोप. सरकारी पाटीवर काहीतरी वेगळंच नाव होतं. ते कुणी वाचलं नाही. बोडको मांगर हेच नाव राहिलं.

बांधकामाला वाळू लागली, म्हणजे गावच्या बोलीत रेव. मुकादमाने सांगितलं होतं, वरच्या नदीतली आणा, गोड्या पाण्यातली. पण वर जायचं तर भरती धरावी लागे. अर्धा दिवस जाई. खाडीच्या तोंडाशी रेवेचा दांडा हाताशी होता. गावातली सगळी घरं त्याच रेवेने बांधलेली, जांभा दगड आणि शिंपल्यांचा चुना घालून. ती पिढ्यान्पिढ्या उभी होती. त्या घरांत लोखंड नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रेव ती रेव. पहिला पडाव भिकाजीचा गेला. मागून सगळ्यांचे गेले.

इमारतीत झाडलोट आणि पाण्याची मडकी भरायचं काम कावेरीला मिळालं. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा ती केरसुणी घेऊन उतार चढायची. उतारू नसले की आत ती एकटीच.

आणि तिथे तिला उजेड दिसला.

दुपार टळली की गोल खिडक्यांतून तो खाली पडे. आधी भाकरीएवढा, गोल. मग लांबत जाई, मासळीसारखा निमुळता होई. वाकलेल्या भिंतीशी पोचला की भिंतीवर चढे आणि चढताना मोडे. कलत्या खांबांच्या सावल्या त्याला कापत जात. उन्हाळ्यात एका जागी, थंडीत दुसऱ्या. कावेरी केर काढत पुढे सरके आणि उजेडापाशी आली की थांबे. त्याच्यावरून केरसुणी फिरवायला तिचा हात धजेना. सगळा गाव त्या इमारतीला हसत होता तेव्हा ती तिथे उभी राहून बघत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? उजेड बघते म्हणून?

मग छपराला तडे गेले. आतलं लोखंड खाऱ्या रेवेने फुगलं. गंजाचे ओघळ भिंतींवर उतरले. त्यात खाडीचं तोंड भरत आलं, एस.टी. गावाच्या वर येऊन उभी राहू लागली आणि आगबोट यायची बंद झाली. एकसष्टच्या पावसानंतर मालवणहून घणवाले आले. त्यांनी बोडको मांगर पाडला. छप्पर लवकर पडेना. पडलं तेव्हा आवाज खाडीच्या पलीकडे गेला. लोखंडाच्या सळया हातात घेतल्या तर बिस्किटासारख्या चुरत होत्या. गाव लांब उभं राहून बघत होतं. यावेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरी केरसुणी घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर तिला आठवलं. ती घरी परतली.

परतली आणि खळं सारवायला बसली. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. शेणाचा हात फिरवताना आपोआप अर्धगोल उमटतात, एकाला लागून एक. त्या दिवशी तिचा हात वेगळा वळला. लांब, सावकाश, पडावाच्या पोटासारखा. ती थांबली. त्या वळणाकडे बघत राहिली. मग आत जाऊन चुना आणला, चिंधी बुडवली आणि वळणावरून पांढरी रेघ ओढली. एक गोल काढला आणि तो एका बाजूने दाबला. गेरूच्या तिरक्या रेघांनी तो कापला. करवंटीच्या कोळशाने एक कोपरा काळा केला.

राधाबाई कुंपणावरून डोकावली.

"कावेरे, ह्या काय गे? भाकरी कोणी चावल्यान?"

"रांगोळी आसा."

"रांगोळी? ना तुळस, ना गाईची पावलां! तुका बरा वाटना नाय काय?"

कावेरी हसली. तिला फार वर्षांनी इतकं बरं वाटत होतं.

त्यानंतर रोज. कोंबड्या जुनं चित्र विस्कटायच्या, ती सारवून नवं काढायची. एकासारखं दुसरं कधी नसे. कुणी म्हणालं, दार काढ, छप्पर काढ, म्हणजे कळेल तरी. तिने एकदा काढून पाहिलं. खोक्यासारखं दिसलं. तिने ते तिथल्या तिथे पुसलं.

"मी मांगर काढूक नाय," ती राधाबाईला म्हणाली. "थंयचो उजेड काढतंय."

"उजेड काय कोण काढता?" राधाबाई म्हणाली आणि ही गोष्ट तिने विहिरीवर सगळ्यांना सांगितली. बायका हसल्या. पण त्या हसण्यात काहीतरी बोचरं होतं. कावेरीला ते कळत होतं. त्याचं कारण कळत नव्हतं.

शिमगा आला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. सगळ्या गावाची खळी आदल्या दिवशी सारवून होतात. दारात पालखी नाचली की त्या घराचं वर्ष बरं जातं. कावेरीने पहाटे उठून चित्र काढलं. आजवरचं सगळ्यांत मोठं. ओटीवर नारळ, तांदूळ, ओवाळणीचं ताट ठेवलं.

ढोल जवळ आला. पुढे भाई गावकर. ते खळ्याच्या तोंडाशी थांबले. मागे पालखी थांबली.

"ह्या पूस गे. कमळ काढ."

"कमळ माका येता, भाईनू. आज देवासाठी ह्या काढलंय."

"मोडक्या वास्तूचा चित्र देवाच्या पायाखाली? अपशकून तो. पालखी हयसर थांबूची नाय."

कावेरीने पदर सावरला. खाली बघितलं. पुसलं नाही.

भाईंनी हात केला. ढोल पुढे गेला. पालखी राधाबाईच्या खळ्यात शिरली आणि तिथे नाचली. कावेरीचं ताट ओटीवर तसंच राहिलं.

संध्याकाळपर्यंत भिकाजी ओटीवर बसून राहिला. मग म्हणाला, "माझ्यावर राग होतो तर माका बोलाचा. देवाक कित्या परतवलंस?"

"कसलो राग?"

"रेव मी हाडलंय. पयलो पडाव माझो. रोज दारात ताच उगाळतंस."

कावेरी बघतच राहिली. एवढे महिने हा माणूस रोज सकाळी आपल्या चुकीवरून चालत बंदरावर जात होता. आणि तिला पत्ता नव्हता.

"माझ्या मनात रेव कदी इलीच नाय वो."

"गावाच्या मनात आसा," भिकाजी म्हणाला. "पुढल्या शिमग्याक कमळ काढ."

विहिरीवरचं हसणं तिला आता कळलं. ज्याने त्याने तीच रेव वाहिली होती. तिच्या खळ्यात ज्याला त्याला आपलाच पडाव दिसत होता.

कमळ काढलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण कावेरीला पालखी खळ्यात हवी होती आणि चित्र आपलंच हवं होतं. देवाला तिला तेच दाखवायचं होतं. त्याच्यासाठी दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. यातलं एक सोड म्हटलं तर ते तिला जमणारं नव्हतं.

पावसाळ्यात खळं वाहून गेलं. ती पडवीच्या भिंतीवर काढत राहिली. भिकाजी तिकडे पाठ करून जेवायचा.

मार्गशीर्षात देवीने गावपळणीचा कौल दिला. दर काही वर्षांनी असा कौल होतो. मग अख्खं गाव शीव ओलांडून बाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गाव देवाचं. उत्तरेला लढाई होऊन गेली होती, लोक बिचकलेले होते. पण कौल तो कौल.

सगळे सामान बांधू लागले. कावेरीने चुन्याचा डबा घेतला, गेरू घेतला.

"थंय घर सारवतलंस काय गे?" भिकाजीने विचारलं.

"पानाक लागता."

"एवढो चुनो? सगळ्या गावाचा तोंड भाजतला!"

बऱ्याच महिन्यांनी तो असं काही बोलला होता. तिने डबा गाठोड्यात खोल घातला.

शिवेच्या ओहोळापलीकडे मोठा सडा आहे. जांभ्याचा उघडा कातळ, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. तिथे गावाने माडाच्या झावळ्यांच्या खोपी घातल्या. पहिला दिवस चुली मांडण्यात गेला. रात्री भजन झालं, बायकांनी फुगड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कुणाला काही काम नव्हतं. पुरुष पत्ते घेऊन बसले. बायका एकमेकींच्या उवा बघू लागल्या.

कावेरीच्या हातांना चैन पडेना. सारवायला जमीन नाही, झाडायला खळं नाही. समोर एवढा काळा कातळ. तिने केरसुणी घेतली आणि कातळ झाडायला लागली. झाडता झाडता खोपींपासून लांब गेली. मागे वळून बघितलं. झाडलेला कातळ पाटीसारखा स्वच्छ होता. त्याला कुंपण नव्हतं.

तिने डबा आणला. नारळाचं सोडण ठेचून कुंचला केला.

खळ्यात ती बसून काढायची. इथे चालावं लागलं. पडावाच्या पोटाची ती वाक ओढायला तिला उभं राहून, कमरेत वाकून, उलट पावलांनी मागे मागे जावं लागलं. रेघ संपली तेव्हा ती धापा टाकत होती. असली रेघ तिने आयुष्यात ओढली नव्हती. मग उजेडाचे गोल. पहिला खोपीएवढा. दुसरा लांबलेला. तिसरा मोडलेला, गेरूच्या पट्ट्यांनी कापलेला. ऊन चढलं. ती जेवायला गेली नाही.

राधाबाई आली. मग विहिरीवरच्या सगळ्याच आल्या.

"कावेरे, सड्याकय सोडणंस नाय?"

 कावेरीला ऐकूच आलं नसावं. ती डब्यात कुंचला फिरवत होती. डबा खरवडल्याचा आवाज झाला. चुना संपला होता.

एक रेघ राहिली होती. लांब उताराची. तिच्याशिवाय बाकीचं सगळं हवेत लटकल्यासारखं दिसत होतं. चुना आणायला गावात जायचं नाही, शीव ओलांडायची नाही. कावेरी रिकामा डबा घेऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

राधाबाईने चित्राकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग कनवटीची चंची काढली आणि तिच्यातली चुन्याची डबी उघडली.

"घे. आज नुसती सुपारी चघळतंय."

"राधाबाय..."

"घे म्हटलंय ना! रडतंस कित्या? आणि तुमी गे? बगतास काय? काढा चंचयो!"

एकेक डबी निघाली. राधाबाई करवंटी घेऊन पुरुषांच्या पत्त्यांत घुसली. गुरुदास नावाचा म्हातारा सुकाणू धरून उभा जन्म पडावावर राहिलेला. त्याने डबी मुठीत लपवली.

"चुनो नाय तर पान कसला? नुसतो पालो चघळूक गोरू आसंय मी?"

"दात तरी खंय आसत तुका? दी हडे!"

सगळ्या गावाच्या तोंडचा चुना करवंटीत जमा झाला. कावेरीने त्यात पाणी घातलं आणि शेवटची रेघ ओढली. अंगठ्याच्या जाडीची, झाडलेल्या कातळाच्या कडेपर्यंत.

दिवस कलला. ऊन आडवं झालं आणि चित्रावर पडलं. माणसं आधी कडेने उभी होती. राधाबाई आत गेली. इकडे तिकडे बघितलं. लांबट गोलाच्या टोकाशी एका जागी फतकल मारून बसली.

"हयसर बसलेलंय मी. बाळाची बोट जायसर."

"तुका कसा कळला?" गुरुदासने विचारलं. "हयसर ना भिंत, ना बाक."

"उजेड असोच पायाकडे इललो," राधाबाई म्हणाली. बाळा तिचा मुलगा. तो मुंबईला गेला त्याला सहा-सात वर्षं झाली होती.

मग दुसरी बाई बसली. मग गुरुदास. ज्याची त्याची जागा ठरलेली होती. कुणी कुणाला विचारलं नाही. चित्रात दार नव्हतं, खिडकी नव्हती, तरी लोक बरोबर आपापल्या ठिकाणी जाऊन बसत होते. कावेरी कुंचला धरून उभी. 

भाई गावकर आले. ते त्या शेवटच्या रेघेवर चढले आणि तिच्यावरून चालू लागले. चालता चालता अंग मागे टाकलं, गुडघे सांभाळले, एक हात कठडा धरावा तसा पुढे केला. सपाट कातळावर भाई उतार उतरत होते.

"भाईनू, सपाट आसा!" कुणीतरी ओरडलं. "पडशात खंय?"

सडा हसला. भाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं आणि तेही हसू लागले. हसता हसता थांबले.

"बरो होतो गे मांगर," ते म्हणाले. "आमीच मोडलंव तेका."

 खोपींकडून भिकाजी पुढे आला. तो इतका वेळ लांब उभा होता.

"पयलो पडाव माझो, भाईनू."

भाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "दुसरो माझो. तुझ्या पाठसून इलेलो."

"मगे तिसरो आमचो!" गुरुदास बसल्या जागेवरून ओरडला. "रेवेचो मान काय तुमका दोगांकच?"

आणि सडा पुन्हा हसला. या गावात पालखीच्या दांडीचा मान कुणाचा यावरून डोकी फुटलेली होती. आता पडावांच्या पाळीवरून भांडण जुंपलं. चौथा कुणाचा, पाचवा कुणाचा. ज्याला त्याला आपला पडाव पुढे हवा. भिकाजी हसत होता. कावेरीने त्याला असं हसताना कधी पाहिलं होतं, तिला आठवेना.

जाताना भाई तिच्यापाशी थांबले.

"शिमग्याक ह्याच काढतलंस?"

"ह्या नाय. दुसरा. पण कमळ नाय, भाईनू."

"बगूया देवाच्या मनात काय आसा ता," एवढंच म्हणून ते गेले.

चौथ्या दिवशी कौल झाला. गाव घरी परतलं. भाई नंतर त्या विषयावर काही बोलले नाहीत. कावेरीने विचारलं नाही.

शिमग्याच्या आधी भिकाजीने एका सकाळी कोयता घेतला आणि राधाबाईच्या बाजूचं कुंपण तोडलं. राधाबाईने हरकत घेतली नाही. उलट फाट्या ओढायला आली. त्याने माती टाकली, पाणी शिंपडलं आणि चोपण्याने खळं चोपत दिवसभर घाम गाळला. संध्याकाळी खळं दुप्पट झालं होतं.

"पुरात मा?" त्याने विचारलं.

कावेरीने मान हलवली. 

पालखीच्या आदल्या दिवशी तिने सारवलं. पहाटे काढायला सुरुवात केली. यावेळी उजेडाचे गोल तिने एकमेकांत मिसळू दिले. कलत्या खांबांच्या सावल्या दोन्ही बाजूंनी आत घेतल्या. भिकाजीने नवा भाजलेला चुना भिजवून दिला. सूर्य वर आला तेव्हा खळं पांढऱ्या-तांबड्या रेघांनी भरलं होतं. कडेला पाऊल ठेवायला जागा नव्हती.

ढोल वाजू लागला. वाडीच्या वरच्या टोकापासून जवळ येऊ लागला. कावेरी ताट घेऊन ओटीवर उभी राहिली.  ताटातले तांदूळ हलत होते.

भाई गावकर खळ्याच्या तोंडाशी आले आणि थांबले. मागे पालखी थांबली. ढोल थांबला.

भाईंनी चित्र बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बराच वेळ.

"कावेरे, ह्येच्यात शिराची वाट खंयसून?"

"खंयसूनय येवा, भाईनू," कावेरी म्हणाली. "पायऱ्यो नाय आसत."

भाई हसले. त्यांनी हात वर केला. ढोलावर टिपरू पडलं आणि पालखी आत आली.

ती थांबली नाही, नाचली. आठ जणांच्या खांद्यांवर गोल गोल फिरली. त्यांच्या पायांखाली वाक मोडली, गोल फुटले, गेरू चुन्यात मिसळला. कावेरी बघत होती. तिला वाईट वाटलं नाही. देवीने तिचं चित्र सगळं, कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत पाहिलं होतं. तिने पुढे होऊन ओवाळलं. नारळ दिला. भिकाजीने पालखीला खांदा दिला, आणि चेष्टेने कुणीतरी ओरडलं, "पयलो मान भिकाजीचो!"

मग पालखी पुढच्या घराकडे वळली. कुंपण नव्हतंच. भोयांचे पाय चुन्याने पांढरे झालेले. ते तसेच राधाबाईच्या नीटस कमळावरून नाचले आणि पुढे गेले, खालच्या वाडीत, घराघरांत, प्रत्येक खळ्यात पांढरे, तांबडे फराटे ओढत.

"कावेरे!" राधाबाई पलीकडून ओरडली. "माझा कमळ तुझ्या मांगरान भरला गे!"

"पुसू काय?"

"हात तर लावून बग!" राधाबाई म्हणाली.